काचेच्या कपाटातली छत्री

हे मंजिरीलाही ठाऊक नाही. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, माझ्या एटीएमच्या पिनपासून माझ्या मूळव्याधीपर्यंत सगळं तिला ठाऊक आहे — हे मात्र नाही. दुबईतल्या आमच्या मराठी मंडळात कुणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. इथे करामा भागात सकाळी शिंकलं तर दुपारपर्यंत शारजातून काढ्याची कृती येते. तुम्हाला सांगतोय. का, ते मला नीटसं सांगता येणार नाही. तुमची-माझी ओळख नाही, उद्या आरतीला आपण समोरासमोर येणार नाही, हे एक कारण असेल.

प्रकरण एका छत्रीचं आहे. हसू नका — म्हणजे हसा, हसण्यासारखंच आहे. मीही कधीकधी एकटाच हसतो आणि मंजिरी स्वयंपाकघरातून विचारते, काय झालं हो? पण छत्रीपर्यंत यायला मला थोडा वेळ लागेल. सरळ मुद्द्यावर येणारा माणूस असतो तर ही वेळच आली नसती, नाही का?

आधी मिस्टर ब्रायन. हे माझे जुने साहेब. इथल्याच देरा भागात जहाजांचे सुटे भाग विकणारी एक कंपनी होती, तिचे ते मॅनेजर आणि मी त्यांचा सेक्रेटरी. अठरा वर्षं मी त्यांची पत्रं टाइप केली. पाहुणा आला की ते माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, या माणसाच्या हातून आजवर एक कागद हरवलेला नाही. हे खरंही होतं. नंतर ते निवृत्त झाले, बायको वारली, तरी इंग्लंडला काही परत गेले नाहीत. जुमेराला मुलीच्या व्हिलात, मागच्या दोन खोल्यांत राहतात. वय चौऱ्याऐंशी. आखातात पन्नास वर्षं काढल्यामुळे, बोलून झालं की हात झटकून ‘खलास’ म्हणतात.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या जन्मगावच्या काही उत्साही मंडळींनी एक त्रैमासिक सुरू केलं आणि जुन्या रहिवाशांना आठवणी पाठवायला सांगितलं. साहेबांचे हात आता थरथरतात, म्हणून त्यांनी मला फोन केला. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी मी बसने जुमेराला जातो. ते बोलतात, मी फोनवर रेकॉर्ड करतो, घरी येऊन टाइप करतो, वाक्यं जरा सारखी करतो आणि पाठवून देतो. माझ्या ऑफिसात मला कुणी विचारलं तर मी म्हणतो, एक्स-बॉसला कन्सल्टन्सी देतो.

काय गाव होतं ते, सांगू? बाजारपेठेचं छोटं गाव. आठवड्याचा बाजार मंगळवारचा. आसपासच्या शेतकऱ्यांच्या बायका लोणी आणि अंडी घेऊन चौकात बसायच्या, त्यांच्या जागा ठरलेल्या, कुणी दुसरीच्या जागेवर बसलं तर दोन पिढ्या बोलणं बंद. डुकरांचा लिलाव करणारा इसम इतक्या वेगाने बोलायचा, की एकदा एका माणसाने नाक खाजवलं आणि सहा डुकरं घेऊन घरी गेला. चौकातलं घड्याळ सात मिनिटं मागे. सगळ्या गावाला ते माहीत, म्हणून ते कुणी दुरुस्त करत नसे. पुढच्या पिढीची पंचाईत नको. आणि नाताळात ज्यांच्या घरी मोठी भट्टी नाही ते आपापलं बदक भाजायला बेकरीत आणून द्यायचे. बेकरीवाला प्रत्येकाच्या थाळीला खूण करायचा, तरी दरवर्षी एकदोन बदकांची अदलाबदल व्हायचीच.

हे ऐकताना मी रेकॉर्डिंग विसरून बघत बसायचो. आमच्याकडे दिवाळीत नानकटाईचं पीठ बेकरीत न्यायचे, पत्र्याच्या थाळीत, कोपऱ्यात आपली खूण करून. अगदी हेच. आमच्या नानकटाया दरवर्षी गुजर वकिलांकडे जायच्या आणि त्यांच्या, तुपातल्या, आमच्याकडे. आई म्हणायची, खा गुपचूप.

आमच्याकडे म्हणजे कुठे? — हे बघा, इथूनच सुरुवात होते. मी पुण्याचा. म्हणजे दुबईत सगळे तसं समजतात आणि मी समजू दिलंय. पुण्याहून एसटीने साडेचार तास पुढे गेलं की आमचं तालुक्याचं गाव लागतं, तिथपर्यंत माझ्याबरोबर कुणी येत नाही. मंडळातले निम्मे पुणेकर असेच आहेत, पण त्यांच्यापैकी कुणी साहेबांचं गाव चोरलेलं नाही. किंवा आपलं गाव साहेबांना विकलं नाही. यातलं मी नक्की काय केलं हे मलाही अजून ठरवता आलेलं नाही.

तर पाचवा लेख. विषय: बाजारात पाऊस आला म्हणजे काय व्हायचं. साहेब त्या शनिवारी रंगात होते, चाळीस मिनिटं बोलले. परत येताना बसमध्ये माझ्या फोनने सांगितलं, जागा संपली. संपणारच. मी सात ग्रुपांत आहे, आणि सातही ग्रुपांवर रोज पहाटे सूर्य उगवतो — दवबिंदू, गुलाब, समई, वर सुविचार. वीस-पंचवीस सुप्रभात रोजची. वर मंडळाच्या ढोलपथकाचे व्हिडिओ, त्यातही माझी फक्त पाठ दिसते. मी वैतागून सगळं निवडलं आणि उडवलं. स्टॉपवर उतरताना लक्षात आलं, की सगळं म्हणजे सगळंच. सूर्य गेले, समया गेल्या, त्यांच्याबरोबर साहेबांचा पाऊसही गेला.

आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? फोन करेल. साहेब, रेकॉर्डिंग उडालं, पुन्हा सांगा. दोन वाक्यं. मी नंबर काढलासुद्धा. पण ‘या माणसाच्या हातून एक कागद हरवलेला नाही’ — हे अठरा वर्षं ऐकलेलं वाक्य डोक्यात घुमायला लागलं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. रविवारी सकाळी साहेबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, मग तेच कारण मी स्वतःला दिलं — कशाला त्रास द्यायचा? सोमवारी सकाळपर्यंत लेख पोचायला हवा होता. रविवारी दुपारी मंजिरी मंडळात तालमीला गेली आणि मी लॅपटॉपसमोर बसलो.

चाळीस मिनिटांतलं मला आठवत होतं एवढंच: पाऊस यायचा, आणि लोक भिजायचे. यावर लेख कसा होणार? मग मी लिहिलं, की चौकात चर्चच्या भिंतीला टेकून एक छत्री दुरुस्त करणारा बसायचा. त्याचं नाव डॅनी.

डॅनी मी कुठून आणला?

तुम्हाला कळलं असेल. तरी मला लिहू द्या, कारण हे मी आजवर कधी लिहिलेलं नाही. आमच्या गावच्या मंगळवारच्या बाजारात, पाण्याच्या टाकीखाली, गोणपाटावर बसून माझे वडील छत्र्या दुरुस्त करायचे. स्टोव्ह आणि कुलपंही करायचे, पण मुख्य छत्र्या. दामूअण्णा छत्रीवाले. इथे करामातल्या घरात त्यांचा फोटो आहे, चंदनाचा हार घातलेला, कोट आणि टाय. कोट फोटो स्टुडिओचा आहे, टायही. अण्णांनी तो उलटा बांधून घेतला होता आणि फोटोग्राफरने सुधारला. तो फोटो बघून सासरेबुवांनी विचारलं होतं, वडिलांचं काय होतं? मी म्हणालो, छत्र्यांचा व्यवसाय होता. सासऱ्यांनी कल्पनेत एक दुकान बांधलं, लग्न ठरेपर्यंत त्यावर मजला चढवला, आणि मी त्यांना थांबवलं नाही. अण्णा त्याच्या दोन वर्षं आधी गेले होते, त्यामुळे त्यांच्याकडूनही काही अडचण आली नाही.

लिहायला लागलो आणि हात थांबेना. दिरहमचे रुपये करतो ना आपण मनातल्या मनात, तसं मी अण्णांना इंग्रजी करत गेलो. टाकीची भिंत चर्चची झाली. भाकरी, कांदा, ठेचा — त्याचा पाव, कांदा आणि चीज. बिडीची चिरूट. गोणपाटाला काही सापडेना म्हणून ते गोणपाटच राहिलं. आणि लाल दोऱ्याची गोष्ट जशीच्या तशी लिहिली.

ती अशी. दुरुस्तीला टाकलेल्या छत्र्या लोक न्यायला विसरायचे. अशा छत्रीच्या काडीला अण्णा लाल दोरा बांधायचे, आणि मुठीवर खिळ्याने ‘दा’ कोरून ठेवायचे. बाजारात पाऊस आला की ज्याच्याकडे छत्री नाही त्याला त्यातली एक द्यायचे. ओळख विचारायची नाही, काही ठेवून घ्यायचं नाही. फक्त म्हणायचे, “आत्ता न्या, बाजारच्या दिवशी आणा.” लोक आणायचे, पण कुठली आणायचे याला काही धरबंध नव्हता. काही वर्षांत अशी स्थिती झाली, की गावात कुणाकडेच स्वतःची छत्री उरली नाही. हेडमास्तरांची छत्री खाटकाकडे, खाटकाची पोस्टमनकडे. तहसीलदार नवे आले तेव्हा त्यांनी चोरीची तक्रार करायचं ठरवलं, आणि ज्या हवालदाराला बोलावलं तो त्यांचीच छत्री घेऊन आला. तहसीलदाराचा मी मॅजिस्ट्रेट केला. बाकी शब्द बदलला नाही.

दोन तासांत लेख झाला. मी लिहिलेल्या कुठल्याही गोष्टीत इतकं खरं कधी नव्हतं, आणि वर नाव साहेबांचं.

बुधवारी मी त्यांना भेटायला गेलो. डोळ्यावर पट्टी होती, म्हणून त्यांनी लेख वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला. माझा आवाज मलाच परका वाटत होता. वाचून झाल्यावर त्यांनी मान खिडकीकडे वळवली. एसी घुरघुरत होता. चोराच्या मनात चांदणं — मी मनात वाक्यं जुळवायला लागलो: साहेब, काय झालं, की बसमध्ये माझा फोन...

“डॅनी,” ते म्हणाले. “डॅनीबद्दल मी तुला सांगितलं होतं होय? मीच विसरलो होतो.”

मग जरा वेळाने म्हणाले, की एक चूक आहे. डॅनी चर्चच्या भिंतीशी नव्हे, घड्याळाखाली बसायचा. मी वहीत टिपून घेतलं. पुढच्या अंकात मी रीतसर दुरुस्ती पाठवली, आणि ती छापून आली. माझ्या वडिलांची जागा बदलली आणि मी ‘कळावे’ म्हणून खाली साहेबांची सही घातली.

यानंतर सांगायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणतो. पण मग पत्रं यायला लागली हो. त्या गावातून, म्हाताऱ्या माणसांची. एका आजींनी लिहिलं, की त्यांची आई लग्नाच्या दिवशी डॅनीच्या छत्रीतून चर्चला गेली होती. एकाने लिहिलं, डॅनी डाव्या पायाने लंगडायचा. पुढच्या अंकात दुसऱ्याने ठासून सांगितलं, उजव्या. यावर दोन अंक वाद चालला. एकाने कळवलं, की डॅनीने त्याच्या आजोबांची चांगली रेशमी छत्री नेली ती परत आलीच नाही. हे मात्र अण्णांच्या बाबतीत खरं असू शकेल. मी ही पत्रं साहेबांना वाचून दाखवायचो आणि ते खुश व्हायचे, आणि — कबूल करतो — मीही. अण्णांच्या हयातीत त्यांचं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं. मंडळात ‘माझे बाबा’ या विषयावर कार्यक्रम झाला तेव्हा मी ध्वनिव्यवस्था सांभाळायला मागे उभा राहिलो होतो. इथे मात्र एक अख्खं गाव माझ्या बापाच्या पायाबद्दल भांडत होतं.

मग त्या मास्तरांचं पत्र आलं. निवृत्त शिक्षक, इतिहासाचे. त्यांनी फार सभ्यपणे लिहिलं होतं, की बाजारातल्या जागांच्या जुन्या भाडेपावत्या त्यांनी सगळ्या तपासल्या, त्यांत छत्री दुरुस्त करणारा कुणी नाही. दूरदेशी राहणाऱ्या आमच्या वयोवृद्ध मित्राचा स्मृतीमुळे काही घोटाळा होत असावा. मी ते पत्र वाचायचं टाळणार होतो, पण साहेबांच्या मुलीने आधीच वाचून दाखवलं होतं.

त्या शनिवारी साहेबांनी मला फोन बाजूला ठेवायला लावला. चहा आला, निवाला. खिडकीबाहेर माळी कडुनिंबाला पाणी घालत होता, तिकडे बघत बसले. मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं आणि विचारलं, “अवि, मी चाललो का रे?”

त्यांची आई तशी गेली होती, शेवटी शेवटी स्वतःच्या मुलांना ओळखत नव्हती. हे त्यांनीच मला पूर्वी सांगितलं होतं. म्हणजे ते काय विचारत होते ते मला पुरतं समजलं होतं. त्यांना घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं; जहाज बुडालं तरी ते आधी फाइल मागवायचे. आणि त्यांना बरं करायला फक्त एक वाक्य पुरेसं होतं. साहेब, तुमचं डोकं ठीक आहे, मी खोटारडा आहे. हे वाक्य माझ्या जिभेवर होतं, खरंच होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, सर, त्याची एक छत्री तुमच्याकडे आहे असं तुम्ही म्हणाला होता ना?

उचलली जीभ, लावली टाळ्याला. कशाची छत्री? कुठे म्हणाले होते? पण त्यांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड आला, की मी पुढे म्हणालो, तुमच्या स्टोअररूममधल्या खोक्यांत असेल, पुढच्या शनिवारी शोधतो.

आता खोक्यात नसलेली छत्री आणायची कुठून? ड्रॅगन मार्टमध्ये हजार छत्र्या मिळतात, बटण दाबलं की उघडणाऱ्या. मला जुनी हवी होती. काळी, वाकड्या मुठीची. आणि तशी एक मला ठाऊक होती.

मी दुबईला यायला निघालो तेव्हा एसटी स्टँडवर अण्णांनी मला एक छत्री दिली होती. मी म्हणालो होतो, अण्णा, तिकडे पाऊस पडत नाही. ते म्हणाले, “पडला तर?” मी ती घेऊन एसटीत चढलो. छत्रीवाल्याचा मुलगा गेला कुठे, तर जिथे वर्षातून चार दिवस पाऊस येतो आणि आला की लोक फोटो काढायला बाहेर धावतात. एकतीस वर्षं ती छत्री कपाटावरच्या बॅगेत, डांबराच्या गोळ्यांत पडून होती. अण्णांच्या हातची म्हणावी अशी माझ्याकडे तेवढी एकच वस्तू. काडीला लाल दोरा आणि मुठीवर ‘दा’. अण्णा मुलालाही छत्री देताना शिलकीतलीच देणार; कुणाची होती कोण जाणे.

पुढच्या शनिवारी मी ती सुपरमार्केटच्या पिशवीत घालून निघालो. पिशवीतून निम्मी बाहेर. मे महिना, बेचाळीस डिग्री, आकाशात औषधाला ढग नाही. बसमध्ये शेजारच्या मल्याळी गृहस्थाने आधी छत्रीकडे, मग खिडकीबाहेर पाहिलं आणि फोन काढून हवामान तपासलं. मी व्हिलात पोचलो, स्टोअररूममध्ये गेलो, पाच मिनिटं खोक्यांचा आवाज केला आणि धूळ लावलेली छत्री घेऊन बाहेर आलो. म्हणालो, सर, मिळाली.

साहेबांनी ती दोन्ही हातांत घेतली. दोऱ्यावरून बोट फिरवलं. नाकाजवळ नेली आणि डोळे मिटून म्हणाले, की चौकाचा वास येतोय. तो डांबराच्या गोळ्यांचा होता. ते रडत होते. मीही रडलो, आणि त्यांना वाटलं त्यांच्यासाठी रडतोय.

साहेब बरे झाले. दोन दिवसांत त्यांनी मास्तरांना ताठ भाषेत पत्र लिहवून घेतलं — टाइप अर्थातच मी केलं. छत्री त्यांची मुलगी सुट्टीत घेऊन गेली. त्या गावात एक छोटंसं संग्रहालय आहे, नगरपालिकेच्या जुन्या इमारतीत दोन खोल्या. तिथे काचेच्या कपाटात ती ठेवली. कार्डावर काय लिहायचं म्हणून त्यांनी साहेबांना विचारलं, साहेबांनी मला. मी इंग्रजीत लिहून दिलं: आत्ता न्या, बाजारच्या दिवशी आणा. खाली डॅनीचं नाव. मुठीवरच्या खुणेबद्दल त्यांनी लिहिलंय, कारागिराची खूण, मूळ अज्ञात.

आणि त्या मास्तरांनी पुढच्या अंकात जाहीर माफी मागितली. एवढ्या सगळ्या प्रकरणात तो एकच माणूस खरं बोलत होता. त्यांचं नाव मला पाठ आहे, पत्ताही माहीत आहे, आणि मी त्यांना ओळही लिहिलेली नाही.

हा गुन्हा सांगायचा होता का? होता. पण अजून सगळा सांगितला नाही.

छत्री कपाटात बसल्याची बातमी आली त्या दिवशी साहेब फार मऊ झाले होते. म्हणाले, त्यांचे वडील बँकेत होते, घरी आले की पेपरमागे जायचे, वडिलांचा चेहरा त्यांना आठवतो तो पेपरच्या वरच्या कडेला. डॅनीसारखा बाप हवा होता. मग त्यांनी विचारलं, “तुझे वडील काय करायचे, अवि? तू कधी बोलला नाहीस.”

खोलीत आम्ही दोघंच. माझ्या बापावर जीव लावलेला माणूस माझ्या बापाबद्दल विचारत होता. यापेक्षा सोपं कुणी कसं विचारायचं?

“बिझनेस, सर,” मी म्हणालो. “पुण्यात.”

“मोठा?”

“मध्यम.”

ते म्हणाले, छान. खलास.

शनिवारी मी अजून जातो. साहेबांना आता डॅनीबद्दल खूप काही आठवायला लागलंय, दर वेळी नवं. डॅनी काम करताना शीळ घालायचा. डॅनी चहात जरासं मीठ टाकायचा. डॅनीने एकदा यांना मांडीवर बसवून काडी कशी वाकवायची ते शिकवलं. मी टाइप करतो. आणि परवा कपडे इस्त्रीला देताना मी एकदम थांबलो — अण्णा शीळ घालायचे का? टाकीखाली बसलेले अण्णा मला दिसतात, मान खाली, दातांत दोरा, आणि शीळ ऐकू येते. ती त्यांची की साहेबांनी घातलेली, हे मला आता सांगता येत नाही. मांडीवर बसवून काडी वाकवायला मला कुणी शिकवलं होतं का? विचारणार कुणाला? आई नाही, गावात कुणी उरलं नाही. असलं तर मी त्यांना ओळख दिलेली नाही.

आता शेवटचं. सानिका, आमची मुलगी, मास्टर्स करायला इंग्लंडमध्ये आहे. साहेबांनी हट्टच धरला होता, की तिने त्यांचं गाव बघून यायचं. गेल्या महिन्यात ती गेली. चौक पाहिला, घड्याळ पाहिलं — आता बरोबर वेळ दाखवतं — आणि संग्रहालयातून मला फोटो पाठवला. काचेत छत्री, आणि काचेवर तिचं स्वतःचं पुसट प्रतिबिंब. आजोबा आणि नात पहिल्यांदाच भेटले, ते असे.

मंजिरी शेजारी मटार सोलत होती. वाकून बघत म्हणाली, “अगदी आपल्या त्या छत्रीसारखी आहे हो. वरच्या बॅगेतली. कुठे गेली ती?”

मी म्हणालो, टाकून दिली, सडली होती. ती बरं म्हणाली आणि मटार सोलायला लागली.

तेवढ्यात सानिकाचा दुसरा मेसेज आला. “बाबा, लुक ॲट द हँडल. इट लुक्स लाइक अवर दा. आजोबाज नेम वॉज दामोदर, राइट? सो वीअर्ड.” आणि खाली आणखी एक: “आय विश वी हॅड समवन लाइक धिस इन अवर फॅमिली.”

वर भिंतीवर अण्णा, स्टुडिओच्या कोटात. तिकडे ती कपाटासमोर उभी असणार, उत्तराची वाट बघत. मी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. तिला तिकडे तीन ठिपके हलताना दिसत असतील.

मग मी लिहिलं, “कोइन्सिडन्स.” पुढे एक हसरा चेहरा टाकला आणि पाठवून दिलं.